गान्सचा ‘नेपोलियन’ आणि मुसिनाकचा आक्षेप

पॅरिसच्या वेशीला लागून असलेल्या बूलोन-बिलांकूरमध्ये, सेन नदीतल्या एका बेटावर ‘ला सेन म्युझिकाल’ नावाचे भव्य संगीतगृह आहे. जुलै २०२४ मध्ये तेथे लागोपाठ दोन संध्याकाळी एकच मूकपट दाखवला गेला: आबेल गान्सचा ‘नेपोलियन’. लांबी सात तासांहून अधिक, आणि साथीला रेडिओ फ्रान्सचे वादक व गायक. या चित्रपटाचे चित्रीकरण जानेवारी १९२५ मध्ये सुरू झाले ते याच बिलांकूरमधल्या स्टुडिओत. फ्रेंच सिनेमातेक या चित्रपटसंग्रहासाठी जॉर्ज मूरिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा वर्षे खपून ठिकठिकाणच्या संग्रहांतली रिळे तपासली, एकमेकांशी ताडून पाहिली आणि गान्सने योजलेल्या मूळ रूपाच्या जितके जवळ जाता येईल तितके नेऊन हा चित्रपट उभा केला.

या कामाचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण कौतुकाच्या भरात एक गोष्ट मागे पडली. १९२७ मध्ये हा चित्रपट पहिल्यांदा लोकांसमोर आला तेव्हा त्याच्यावर फार गंभीर आक्षेप घेतले गेले होते. ते आता अभ्यासकांच्या तळटिपांत जाऊन बसले आहेत. चित्रपट जुळवला गेला, त्याच्याभोवतीचा वाद जुळवायचा राहिला. हे नुकसान एकट्या फ्रान्सचे नाही. ऐतिहासिक चित्रपट डोक्यावर घेणाऱ्या आणि त्यांच्यावरून रस्त्यावरही उतरणाऱ्या महाराष्ट्राला तर तो वाद माहीत असणे जास्त गरजेचे आहे.

गान्सचा बेत एका चित्रपटाचा नव्हताच. नेपोलियनच्या आयुष्यावर त्याला सहा चित्रपट करायचे होते. ब्रिएनच्या लष्करी शाळेपासून सेंट हेलेना बेटावरच्या मरणापर्यंत. त्यापैकी झाला फक्त पहिला. त्यातही नायक २६ वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे १७९६ च्या वसंतात फ्रेंच फौज घेऊन तो इटलीत उतरेपर्यंतचीच गोष्ट आली आणि सगळा पैसा संपला. तोही एका हातचा पैसा नव्हता. जर्मन उद्योगपती ह्यूगो स्टिनेसच्या समूहाचे पाठबळ असलेली कंपनी १९२५ च्या उन्हाळ्यात बुडाली आणि चित्रीकरण बंद पडले. पुढे ‘सोसिएते जेनेराल दे फिल्म’ या नव्या कंपनीने गाडा पुढे ओढला. शेवटच्या, सेंट हेलेनावरच्या भागाची संहिता गान्सला विकावी लागली. लुपू पिक या दिग्दर्शकाने १९२९ मध्ये जर्मनीत त्यावर चित्रपट केला. ऑस्टरलिट्झच्या लढाईपर्यंत पोहोचायला गान्सला १९६० साल उजाडले, आणि तेव्हा त्याच्या हाती १९२५ ची धमक उरली नव्हती.

ती धमक काय होती, हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. ब्रिएनच्या शाळेत मुलांची बर्फाच्या गोळ्यांची लढाई चालली आहे. दहा-बारा वर्षांचा बोनापार्ट एका बाजूचे नेतृत्व करतो आहे. त्या काळी कॅमेरा म्हणजे तिपाईवर ठोकलेली जड पेटी असे. गान्सने तो तिपाईवरून उतरवला, कॅमेरामनच्या छातीला बांधला आणि त्याला थेट धुमश्चक्रीत लोटले. बर्फाचा गोळा भिंगाच्या दिशेने येतो, मुठी अंगावर येतात, एक मुलगा आदळतो, आणि मध्येच त्या छोट्या सेनापतीचा चेहरा झळकतो. व्लादिमिर रुदेन्को हे त्या पोराचे नाव. संकलन इतके वेगवान की काही दृश्ये मोजक्या फ्रेमपुरतीच टिकतात. हरत आलेली बाजू सावरते तसा तो चेहरा पुन्हा पुन्हा येत राहतो, इतर प्रतिमांवर छापला जातो आणि शेवटी हसतो. थोड्या वेळाने झोपण्याच्या दालनात उशांची मारामारी सुरू होते, तेव्हा पडद्याचेच नऊ तुकडे होतात आणि प्रत्येकात वेगळी झुंज चालू राहते. पिसे सगळीकडे उडत असतात. हे सारे १९२० च्या दशकातले आहे, हे पाहताना स्वतःला बजावून सांगावे लागते.

मग येतो दोन वादळांचा प्रसंग. शत्रू झालेल्या कोर्सिकामधून बोनापार्ट एका होडीत बसून निसटतो. होडीला शीड नाही, म्हणून तो फ्रान्सचा तिरंगी ध्वजच शिडासारखा बांधतो. समुद्र खवळतो. त्याच वेळी पॅरिसमध्ये, क्रांतीच्या संसदेत, म्हणजे कन्व्हेन्शनमध्ये, जिरोंदँ गटावर दुसरा गट तुटून पडतो आहे. गान्सने या सभागृहावर कॅमेरा लंबकासारखा टांगला आणि झुलवला. माणसांचा समुदाय लाटेसारखा वर येतो, खाली जातो. समुद्र आणि संसद एकमेकांत मिसळतात. एका वादळात शेकडो माणसे एकमेकांना गिळत आहेत, दुसऱ्यात एकटा माणूस सुकाणू धरून बसला आहे. हा प्रसंग लक्षात ठेवावा. आक्षेपांचे मूळ इथेच आहे.

शेवटचा भाग तर गान्सने तीन पडद्यांवर मांडला. आन्द्रे देब्री या यंत्रकुशल माणसाने एकावर एक असे तीन कॅमेरे बसवण्याची सोय करून दिली आणि १९२६ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समध्ये तूलाँजवळ हे चित्रीकरण झाले. दाखवताना तीन प्रोजेक्टर एकाच वेळी चालत. आतापर्यंत नेहमीच्या चौकोनात बसलेले चित्र अचानक दोन्ही बाजूंना उघडते आणि इटलीच्या मोहिमेवर निघालेली फौज या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते. कधी तिन्ही पडदे मिळून एकच दृश्य, कधी मध्ये बोनापार्ट आणि दोन्ही बाजूंना कूच करणारे सैनिक, कधी त्याची पत्नी जोसेफीन हिचा चेहरा, पृथ्वीचा गोल, गरुड, नकाशे. अगदी शेवटी डावा पडदा निळा होतो, मधला पांढरा राहतो आणि उजवा लाल. अमेरिकेत ‘सिनेरामा’ने रुंद पडद्याचा गाजावाजा केला तो १९५२ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मूकपटात संवादांच्या पाट्या असतात. गान्सच्या काही पाट्यांखाली कंसात एक शब्द येतो: ‘ऐतिहासिक’. म्हणजे हे वाक्य किंवा हा प्रसंग कागदपत्रांत आहे, असा दिग्दर्शकाचा दावा. बाकीचे त्याने रचलेले. त्रिस्ताँ फ्लेरी नावाचा साधा माणूस आणि बोनापार्टवर मनातल्या मनात प्रेम करणारी त्याची मुलगी व्हिओलीन ही पात्रे काल्पनिक आहेत आणि ती तशी असल्याचे गान्स लपवत नाही. आजकाल ‘सर्जनशील स्वातंत्र्य घेतले आहे’ अशी एक पाटी सुरुवातीला दाखवून जबाबदारीतून मोकळे होण्याची पद्धत आहे. गान्सने प्रत्येक दाव्यापाशी आपली सही केली, त्यामुळे तो तपासणाऱ्याला उत्तरदायीही राहिला.

७ एप्रिल १९२७ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात सुमारे चार तासांची आवृत्ती दाखवली गेली. संगीतकार आर्थर ओनेगेर यांनी त्यासाठी संगीताचे काम केले होते. तीन पडदे उघडले तेव्हा सभागृह उभे राहिले. पुढच्या महिन्यात अपोलो चित्रगृहात पत्रकार आणि वितरकांसाठी नऊ तासांच्या आसपासची लांब आवृत्ती दाखवण्यात आली, ती मात्र तीन पडद्यांशिवाय. इथपर्यंतची हकिकत गौरवग्रंथांत असते.

पुढची नसते, ती अशी. लेओं मुसिनाक हा त्या काळच्या फ्रान्समधला चित्रपटाची सर्वांत चांगली समज असलेला एक समीक्षक. तो कम्युनिस्ट होता आणि ‘ल्यूमानिते’ या दैनिकात लिहीत असे. त्याने ‘नेपोलियन’च्या तंत्राचे महत्त्व मोकळेपणाने मान्य केले आणि मग थेट सांगितले, की हा बोनापार्ट फॅसिझमची उमेदवारी करणाऱ्यांसाठी घडवलेला आहे. हे वाक्य फेकलेले नव्हते. मुसोलिनीने रोमवर चाल करून सत्ता घेतल्याला साडेचार वर्षे झाली होती. फ्रान्समध्येही संसदेच्या भांडणांना कंटाळलेले आणि एका खंबीर पुरुषाची वाट पाहणारे लोक कमी नव्हते. अशा वेळी एक प्रतिभावान दिग्दर्शक क्रांतीतली जनता भान हरपलेल्या झुंडीसारखी दाखवतो आणि तिच्यावर उतारा म्हणून जन्मतःच नेता असलेला एक माणूस उभा करतो, तेव्हा त्या प्रतिमेचा उपयोग कोण करणार, हा मुसिनाकचा प्रश्न होता.

दुसरा टीकाकार तर गान्सच्या बाजूचाच. एमिल व्हियेर्मोझ हा संगीताचा जाणकार आणि फ्रान्समधल्या चित्रपटसमीक्षेचा एक पायाच. गान्सच्या तीन पडद्यांच्या पद्धतीला ‘पॉलिव्हिजन’ हे नाव त्याने दिले. इतका तो त्या शोधाने भारावला होता. त्यानेच लिहिले, की हुकूमशहाची अशी आरती तरुण मनांना धोकादायक आहे, आणि महायुद्धात पोरे गमावलेल्या देशात तर या सौंदर्याची जास्तच भीती वाटायला हवी.

व्हियेर्मोझची ही भूमिका विशेष आहे. ज्या कल्पनेला माणूस आपल्या हाताने नाव देतो, तिच्या आहारी न जाता तो तिच्या आशयाला विरोध करू शकतो. ‘चित्रपट थोर आहे’ आणि ‘चित्रपट घातक आहे’ ही दोन विधाने एकाच लेखणीतून येतात. त्यातले एक दुसऱ्याला खोटे पाडत नाही.

आक्षेप खरा होता का? पडद्यावर जे आहे त्यावरून पाहिले तर बऱ्याच अंशी खरा होता. शाळेतला मुलगा पहिल्या प्रसंगापासून सेनापतीच आहे, तो घडत नाही. भूगोलाच्या तासाला सेंट हेलेनाचा उल्लेख येतो आणि मुलगा त्या नावापाशी थबकतो, म्हणजे त्याचा शेवटही आधीच लिहिलेला. त्याचा पाळीव गरुड मुले सोडून देतात आणि तो परत येऊन तोफेवर बसतो. पुढे समुद्रात हाच पक्षी पुन्हा दिसतो. हे नियतीचे राजकारण आहे. ज्याला नियतीने निवडले त्याला लोकांनी निवडण्याची गरज उरत नाही. उलट ऑगस्ट १७९२ च्या उठावाची रात्र पाहा. पॅरिसमधल्या रक्तपाताकडे बोनापार्ट आपल्या खोलीतून पाहतो. आपणही त्याच्याच नजरेने, वरून पाहतो. झुंडीतल्या कुणाच्या डोळ्यांनी ती रात्र दिसत नाही. मारा, दाँतों आणि रोबेस्पिएर ही क्रांतीची तीन तोंडे विक्षिप्त, कर्कश किंवा थंडगार आहेत. आंतोनँ आर्तोने साकारलेला मारा तर विसरता येत नाही, इतका तो भयंकर आहे.

गान्सची बाजूही ऐकली पाहिजे. इटलीला निघण्यापूर्वी बोनापार्ट रिकाम्या कन्व्हेन्शनमध्ये एकटा जातो. तेथे क्रांतीतल्या मृतांची भुते त्याला विचारतात, आमचे काम पुढे नेशील ना? तो युरोपभर प्रजासत्ताक पसरवण्याचे वचन देतो. गान्सच्या सहा चित्रपटांच्या आराखड्यात हे वचन मोडले जाणार होते. क्रांतीचे लेकरू सम्राट होते आणि क्रांतीलाच गिळते, अशी ती शोकांतिका होती. सँ-ज्यूस्त या क्रांतिकारकाची भूमिका गान्सने स्वतः केली आणि क्रांतीच्या बाजूने बोलण्याचा एक ठसठशीत प्रसंग स्वतःकडे ठेवला, हेही विसरून चालणार नाही. पण प्रेक्षक आराखडा पाहत नाहीत, चित्रपट पाहतात. मोडलेले वचन कधी चित्रित झालेच नाही. चित्रित झाले ते वचन, फौज, गरुड आणि तिरंगा. आणि १९४१ मध्ये, जर्मन फौजा फ्रान्समध्ये बसलेल्या असताना, गान्सने आपला ‘व्हेन्युस आव्हग्ल’ हा चित्रपट जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच राजवटीचा प्रमुख मार्शल पेताँ याला अर्पण केला. खंबीर पुरुषाची ओढ त्याच्या मनात किती खोल होती, याचा पुरावा म्हणून ही अर्पणपत्रिका पुरेशी आहे. मुसिनाकला चौदा वर्षे आधी दिसले होते ते हेच.

तरीही मुसिनाकने ‘हा चित्रपट दाखवू नका’ अशी हाक दिली नाही. त्याने तो पाहिला, त्याचे तंत्र समजावून सांगितले, त्याचा अर्थ उलगडला आणि वाचकाला सावध केले. चित्रपटाला खरी कात्री लावली ती विचारवंतांनी नव्हे, व्यापाऱ्यांनी. अमेरिकेत तो एम.जी.एम. कंपनीने घेतला, त्याची लांबी बेसुमार कापली आणि तीन पडद्यांच्या भागातला फक्त मधला तुकडा ठेवला. डावा आणि उजवा पडदा फेकून दिल्यावर गान्सची कल्पना काय उरणार? तोवर ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला होता, अमेरिकन प्रेक्षकांना बोलपट हवे होते, आणि हा कापलेला मूकपट कुणाच्या लक्षातही राहिला नाही. वैतागलेल्या गान्सने तीन पडद्यांचे इतर काही भाग स्वतःच नष्ट केले असे सांगितले जाते. १९३५ मध्ये त्याने जुन्याच चित्रीकरणाला आवाज जोडून, नवे प्रसंग घालून बोलपट केला आणि त्यासाठी मूळ चित्रपटाची आणखी चिरफाड झाली.

तो वाचला एका इंग्लिश शाळकरी मुलामुळे. केव्हिन ब्राउनलो हा १९५४ च्या सुमारास घरगुती प्रोजेक्टरवर जुने मूकपट पाहणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. साडेनऊ मिलिमीटरच्या फितीवरची ‘नेपोलियन’ची दोन छोटी रिळे त्याच्या हाती आली. त्यांनी तो इतका झपाटला की उरलेले आयुष्य त्याने तुकडे शोधण्यात घालवले. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या टेल्युराइड महोत्सवात, उघड्यावर, थंडीत त्याची आवृत्ती दाखवली गेली. ८९ वर्षांचा गान्स समोरच्या हॉटेलच्या खिडकीतून ती पाहत होता. १९८० मध्ये लंडनला कार्ल डेव्हिस यांच्या वाद्यवृंदासह खेळ झाला. जानेवारी १९८१ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये वडिलांच्या, कार्माइन कोपोला यांच्या संगीतासह तो आणला, आणि टाळ्यांचा कडकडाट पॅरिसमधल्या गान्सला फोनवरून ऐकवण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गान्स गेला.

या सगळ्यात ब्राउनलोने केलेले काम शब्दांत मावणारे नाही. पण आक्षेप हरवले ते याच टप्प्यावर. म्हातारा उपेक्षित कलावंत, हरवलेली कलाकृती, तिचे पुनरागमन: ही गोष्ट इतकी हृद्य होती की तिच्यासमोर ‘हा चित्रपट सांगतो काय?’ हे विचारणे अशिष्ट वाटू लागले. नॉर्मन किंग या अभ्यासकाने १९८४ मध्ये गान्सवरच्या पुस्तकात राजकारणाचा धागा पुन्हा हाती घेतला, मुसिनाक आणि व्हियेर्मोझ यांचे लेख चर्चेत आणले. चित्रगृहांबाहेरच्या रांगांपर्यंत ते पोहोचले नाहीत. पुढची वीस-पंचवीस वर्षे वाद झाला तो हक्कांचा. कोपोलांकडचे हक्क आणि ब्राउनलोची मोठी आवृत्ती यांच्या कोंडीमुळे ती साडेपाच तासांची आवृत्ती अमेरिकेत दाखवायला २०१२ उजाडावे लागले. वकील जेवढे बोलले तेवढे समीक्षकांनी बोलायला हवे होते.

स्टॅन्ली क्युब्रिकने ते केले होते. नेपोलियनवर चित्रपट करण्यासाठी त्याने १९६० च्या दशकाअखेर प्रचंड तयारी केली आणि तो कधीच झाला नाही. त्या काळातल्या एका मुलाखतीत त्याने सांगितले, की गान्स तंत्रात काळाच्या पुढे होता, पण गोष्ट आणि अभिनय यांच्या दृष्टीने हा चित्रपट फार ओबडधोबड आहे. हे मत पटो न पटो, ते चित्रपटाला सामोरे जाते. २०२३ मध्ये रिडली स्कॉटचा ‘नेपोलियन’ आला तेव्हा मात्र बहुतेक चर्चा पिरॅमिडवर तोफा डागल्या होत्या का, मारी आंत्वानेतचा शिरच्छेद होताना बोनापार्ट तेथे होता का, यावर खर्ची पडली. तपशील तपासलेच पाहिजेत. पण तपशील चुकणे आणि इतिहासाचा अर्थ वाकवणे हे वेगवेगळे दोष आहेत. सगळे तपशील बरोबर असलेला चित्रपटही अर्थ वाकवू शकतो.

हाच प्रश्न घेऊन आता आपल्याकडे, कोल्हापूरला येऊ. बाबूराव पेंटर जून १८९० चे, गान्स ऑक्टोबर १८८९ चा. दोघे जवळजवळ समवयस्क. कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवून, १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून बाबूरावांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ केला. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या मूकपटात कृत्रिम प्रकाशात रात्रीचे चित्रण करण्याचे धाडस होते. साधनांचा विचार केला तर ती झेप गान्सच्या झेपेइतकीच मोठी म्हणावी लागेल. पुढच्या वर्षी ‘सती पद्मिनी’ आला. आज ‘सिंहगड’ पाहायला मिळत नाही. भारतात तेराशेवर मूकपट झाले, त्यांपैकी मोजकेच, तेही बहुतांशी तुकड्यांत, शिल्लक आहेत. त्यामुळे बाबूरावांनी शिवकाळ कसा पाहिला, कोणाला मोठे केले, कोणाला कोपऱ्यात उभे केले, याबद्दल कौतुकही करता येत नाही आणि हरकतही घेता येत नाही. दोन्हीसाठी आधी चित्रपट लागतो.

‘सती पद्मिनी’ला त्र्याण्णव वर्षे झाली आणि मार्च २०१७ मध्ये त्याच कोल्हापूरजवळ, मसाईच्या पठारावर, संजय लीला भन्साळींच्या ‘पद्मावती’चा सेट रात्री पेटवून देण्यात आला. चित्रपट पूर्ण झाला नव्हता, कोणी पाहिला नव्हता. २०२५ च्या जानेवारीत संभाजी महाराजांवरच्या ‘छावा’च्या ट्रेलरमधल्या लेझीम नृत्यावरून वाद उठला आणि प्रदर्शनापूर्वीच ते दृश्य काढून टाकण्यात आले. पुढे चित्रपट तुफान चालला. सतराव्या शतकातला संघर्ष त्याने कोणत्या नजरेने पाहिला, त्या काळातली माणसे त्यात किती उरली आणि आजचे राग किती मिसळले, हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांचा आवाज लेझीमच्या वादाइतका मोठा कधी झालाच नाही.

प्रेक्षागृहात घोषणा आणि बाहेर बंदीची मागणी, या दोहोंमध्ये समीक्षकाला जागाच उरलेली नाही. चित्रपट आवडला म्हणणाऱ्याने आशयावर बोलू नये आणि आशयावर बोलणाऱ्याने अभिमान गहाण टाकला असे समजावे, हा नवा दंडक आहे. तो मराठी परंपरेला शोभत नाही. १९१० मध्ये इतिहासकार राजवाड्यांसारख्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले ते कागद समोर ठेवून भांडण्यासाठीच. शेजवलकरांनी पानिपतावर लिहिताना ना जित्यांची भीड ठेवली ना मेलेल्यांची. ज्या भाषेत इतिहासावरची भांडणे इतक्या तयारीने झाली, त्या भाषेत इतिहासपटावरची भांडणे एका दृश्याच्या काटछाटीवर मिटावीत, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

गान्सचा ‘नेपोलियन’ त्याच्या आताच्या सात तासांच्या रूपात मुंबई-पुण्यात दाखवला गेला पाहिजे. मुंबईत एनसीपीएसारखे सभागृह आहे, तेथेच सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, जुने चित्रपट जतन करणारे फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ज्याची पायाभरणी पी. के. नायर यांनी केली. तीन पडद्यांचा शेवट छोट्या पडद्यावर पाहण्यात अर्थ नाही. त्यासाठी रुंद पडदा, जिवंत संगीत आणि दोन दिवसांची सवड हवी. खर्चिक काम आहे, पण महोत्सवांच्या अंदाजपत्रकात न बसण्याइतके नाही. आणि खेळाच्या वेळी जी माहितीपत्रिका वाटली जाईल तिच्यात गान्सच्या कॅमेऱ्याइतकीच जागा मुसिनाक आणि व्हियेर्मोझ यांच्या लेखांच्या मराठी अनुवादाला मिळावी, म्हणजे मध्यंतरात लोक बर्फाच्या लढाईबद्दल आणि त्या गरुडाबद्दल एकाच दमात बोलू लागतील.